रस्त्याकडेचं आळं

एका रविवारी अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात ब्रॅड लँकेस्टर यांनी आपल्या घरासमोरच्या रस्त्याची सिमेंटची कड काँक्रीट कापायच्या करवतीने कापली. रविवार मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी महापालिकेची माणसं कामावर नसतात. कड सरकारी मालकीची, तिला हात लावणं बेकायदा. कापला तो थोडासाच तुकडा. पण आजवर घरासमोरून नुसतं वाहून जाणारं पाणी पुढच्या पावसात त्या फटीतून आत वळलं, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या मातीत शिरलं आणि तिथल्या झाडांच्या मुळाशी जिरलं.

अमेरिकेतल्या जुन्या निवासी वस्त्यांमध्ये घराबाहेर पडलं की आधी फुटपाथ लागतो, मग मातीची एक लांबट पट्टी, मग वीतभर उंचीची सिमेंटची कड आणि त्यापलीकडे डांबरी रस्ता. ही पट्टी कुठे तीन फूट रुंद असते, कुठे दहा. तिच्यात विजेचे खांब उभे असतात, खालून पाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या जातात, थंड प्रदेशांत रस्त्यावरचा बर्फ तिच्यावर ओढून ठेवतात. चालणारा माणूस आणि धावती मोटार यांच्यात थोडं अंतर राहतं, हा तिचा मोठा उपयोग. कागदोपत्री ती शहराची, पण निगा राखायची समोरच्या घरमालकाने, असा बहुतेक शहरांचा शिरस्ता आहे. त्यामुळे व्हायचं तेच होतं. ज्याची मालकी तो तिच्याकडे बघत नाही आणि ज्याने बघायचं त्याला ती आपली वाटत नाही. पुष्कळ लोक तिथे हिरवळ लावून मोकळे होतात आणि उन्हाळाभर तिला नळाचं पिण्याचं पाणी पाजतात. वाळवंटी शहरांत खडी पसरतात, तणनाशक मारतात आणि विषय संपवतात.

टूसॉनमध्ये वर्षाला सरासरी २७० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी माण तालुक्यातही याहून जास्त पडतो. टूसॉनच्या पावसातला जवळपास निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो. तिथेही लोक त्याला मान्सूनच म्हणतात. दुपारी ढग भरून येतात, गडगडाट होतो, तास-अर्धा तास धो धो कोसळतं आणि रस्त्यांचे ओढे होतात. अ‍ॅरिझोनात तर कायदाच आहे की, पाण्याखाली गेल्यामुळे अडथळे लावून बंद केलेल्या रस्त्यात कोणी गाडी घातली आणि अडकला, तर त्याच्या सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. हे पाणी वाहून गेलं की तेच शहर पुन्हा कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर विसंबतं. ते पाणी ३३६ मैल, म्हणजे सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून येतं आणि वाटेत पंपांनी साडेआठशे मीटरहून अधिक उंच चढवावं लागतं. शहरातली सांताक्रूझ नदी एकेकाळी काही भागांत बारमाही होती. जमिनीखालच्या पाण्याचा बेसुमार उपसा झाला आणि विसाव्या शतकात ती कोरडी पडली.

आता रस्त्याचा हिशेब बघू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. रस्त्याची एक बाजू पाच मीटर रुंद आणि लांबी शंभर मीटर धरली तर पाचशे चौरस मीटर झाले. दहा मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर पाच हजार लिटर पाणी पडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या छोट्या टँकरएवढं, तेही दारात आणि फुकट. वर्षाच्या २८० मिलिमीटरचा हिशेब केला तर हाच आकडा एक लाख चाळीस हजार लिटरवर जातो. थोडं डांबरावरच वाळतं, थोडं खड्ड्यांत राहतं, ते वजा केलं तरी उरलेलं पाणी काटक झाडांची एक अख्खी रांग जगवायला पुरेसं आहे. आणि डांबर तर एक थेंबही पीत नाही. म्हणजे शहराने नकळत पाणी गोळा करणारं एक प्रचंड पाणलोट क्षेत्र बांधून ठेवलेलं आहे. कमी आहे ती फक्त ते पाणी थांबवणाऱ्या जागेची.

लँकेस्टर यांना ही दृष्टी देणारा माणूस अमेरिकेतला नव्हता. १९९५ मध्ये ते झिम्बाब्वेत झ्विशावाने इथे झेफानाया फिरी मासेको या शेतकऱ्याला भेटले. त्या देशातल्या, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या राजवटीविरुद्धच्या राजकारणामुळे १९६४ मध्ये फिरी यांची रेल्वेतली नोकरी गेली. पदरात मोठं कुटुंब आणि सुमारे आठ एकर कोरडवाहू जमीन. त्यांनी पावसात उभं राहून पाणी कुठून येतं, कुठे वेग घेतं, कुठे माती खरवडतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. मग टेकडीच्या माथ्यावरच्या खडकापासून सुरुवात करून उतारावर दगडी बांध रचले, पाणी हळू केलं, पसरवलं, मुरवलं. सरकारने शेतांतलं पाणी बाहेर घालवण्यासाठी चर खणून दिले होते. फिरी यांनी त्याच चरांत जागोजागी खोल खड्डे घेतले. पाणी घालवण्याची व्यवस्था त्यांनी पाणी मुरवण्याची करून टाकली आणि खालच्या अंगाच्या विहिरी दुष्काळातही टिकल्या.

महाराष्ट्रात पाणलोटाचं काम करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. माथा ते पायथा आणि पाणी अडवा, पाणी जिरवा, हे आपल्याकडे गावोगावच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. नवं आहे ते पुढचं. लँकेस्टर टूसॉन सोडून जाण्याच्या विचारात होते. फिरी यांनी त्यांना समजावलं की, पळून गेलात तर अडचणी पाठोपाठ येतील, उत्तर स्वतःच्या घरी शोधा. लँकेस्टर परतले आणि ही शेतीतली विद्या त्यांनी शहरातल्या गल्लीला लावली. तिथे टेकडीच्या जागी छप्पर आणि डांबर आहे, चराच्या जागी रस्त्याच्या कडेची पाणीवाट आहे. शेतकऱ्याने रानात जे करायचं तेच दारात करायचं.

त्यांचं आणि त्यांच्या भावाचं घर डनबार-स्प्रिंग या शहराच्या मध्याजवळच्या जुन्या वस्तीत आहे. प्लॉट एक अष्टमांश एकराचा, म्हणजे आपल्या मापाने बरोबर पाच गुंठे. तेवढ्या जागेत आणि भोवतीच्या रस्त्याकडेच्या पट्टीत मिळून ते वर्षाला एक लाख गॅलन, म्हणजे पावणेचार लाख लिटरच्या घरात पावसाचं पाणी मुरवतात किंवा साठवतात, असा त्यांचा स्वतःचा हिशेब आहे. १९९६ पासून वस्तीतले लोक दरवर्षी एकत्र येऊन पट्ट्यांमध्ये देशी झाडं लावत आले आणि आता ती दीड हजाराच्या पुढे गेली आहेत.

पण झाडं लावणं हा या कामाचा दुसरा भाग आहे. पहिला भाग मातीची पातळी. इथेच बहुतेक शहरं चुकतात. फुटपाथलगतची मातीची जागा नेहमी रस्त्यापेक्षा उंच ठेवलेली असते, वर आणखी माती टाकून तिला फुगवटा दिलेला असतो. पाऊस पडला की तिच्यावरचं पाणी उतरून रस्त्यावर जातं आणि रस्त्याचं पाणी तिच्याकडे फिरकत नाही. मराठी शेतकरी गादीवाफा करतो तो पाणी निथळून जावं म्हणून. जिथे पाणी थांबवायचं तिथे तो झाडाभोवती आळं करतो. टूसॉनच्या पट्टीत नेमकं हेच केलं आहे. गादीवाफा मोडून आळं केलं आहे.

काम कसं करतात ते तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण सगळं यश तपशिलातच आहे. आधी जमिनीखाली काय आहे त्याचा शोध. अमेरिकेत खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करायचा असतो, मग संबंधित कंपन्या येऊन गॅसच्या, पाण्याच्या, विजेच्या वाहिन्या रंगाने आखून देतात. मग एक खड्डा खणून, पाणी भरून ते किती वेळात मुरतं ते पाहायचं. मग कड कापायची. तोंड साधारण दीड ते दोन फूट रुंद असतं आणि त्याच्या बाजू तिरप्या ठेवतात, म्हणजे गाडीचं चाक घासलं तरी काँक्रीटचा टवका उडत नाही. आत आळं खणायचं. त्याचा तळ रस्त्याच्या पाणीवाटेपेक्षा खाली हवा, पण फार खोल नको, कारण शेजारून माणसं चालतात, मुलं धावतात. वीतभर खोली पुष्कळ झाली. पाणी जिथून आत येतं तिथे दगड बसवतात. पाण्याचा जोर त्यांच्यावर मोडतो आणि रस्त्यावरची रेती, कचरा तिथेच अडकतो, तो हाताने काढता येतो.

कडेलगत सुमारे दीड फूट सपाट जागा सोडायची. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून सगळी बाग तुडवली जाते. रस्त्याकडेला लावलेल्या मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा लागते. ती दिली नाही तर तो झाडावर पाय देणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. कोपऱ्याजवळ उंच झुडूप लावायचं नाही, नाहीतर वळणाऱ्या गाडीला येणारं मूल दिसत नाही.

आळं भरलं की काय होतं? काहीच होत नाही, आणि हीच या रचनेची खुबी आहे. पाणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड एकच असेल, तर आळ्यातली पातळी रस्त्याच्या पाण्याएवढी झाली की नवं पाणी आत शिरतच नाही. ते पाणीवाटेने पुढे निघतं आणि खालच्या घराच्या आळ्यात जातं. नळ नाही, झडप नाही, पंप नाही. डासांची शंका सगळेच काढतात आणि ती रास्त आहे. अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास व्हायला साधारण आठवडाभर साचलेलं पाणी लागतं. नीट केलेलं आळं एका दिवसाच्या आत कोरडं होतं. होत नसेल तर ते चुकीच्या जागी आहे, माती फार चिकट आहे किंवा तळ गाळाने बंद झाला आहे. मग ते उथळ करायचं, नाहीतर बुजवायचं.

तळात खडी किंवा प्लॅस्टिकचा कागद घालण्याचा मोह टाळावा लागतो. आच्छादन हवं ते पालापाचोळ्याचं आणि लाकडाच्या तुकड्यांचं. ते ओल धरून ठेवतं, त्यात गांडुळं आणि बुरशी वाढते, त्यांच्या हालचालीने माती भुसभुशीत राहते आणि दर पावसात जास्त पाणी पिते. रस्त्यावरून येणाऱ्या तेलाच्या तवंगाचा मोठा भाग मातीतले सूक्ष्मजीव हळूहळू मोडून टाकतात. शिसं-जस्तासारखे धातू मात्र मोडत नाहीत, ते वरच्या मातीत धरले जातात. झाडं तळात लावायची नाहीत, उतारावर किंवा आतल्या उंचवट्यावर लावायची, म्हणजे खोड कुजत नाही. तळात गवतं लावायची, त्यांना बुडणं सोसतं.

लावलेली झाडं पुन्हा मराठी वाचकाच्या ओळखीची निघतात. टूसॉनच्या पट्ट्यांमधलं मुख्य झाड म्हणजे मेस्कीट. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापुरात माळरानं आणि तळ्यांच्या कडा गिळून बसलेल्या वेड्या बाभळीची ती जवळची नातेवाईक. आपली वेडी बाभूळ अमेरिका खंडातूनच एकोणिसाव्या शतकात भारतात आणली गेली. तिचं इथलं वागणं पाहिलं की तिच्याबद्दल चांगलं बोलवत नाही. पण सोनोरन वाळवंटात तिच्या या बहिणीचं घर आहे. तिथले तोहोनो ओओधाम हे मूळ रहिवासी तिच्या गोडसर शेंगा पिढ्यान् पिढ्या दळून खात आले. वाहत्या ओढ्याच्या मुखाशी, पुराचं पाणी पसरतं त्या जागी शेती करण्याची त्यांची जुनी रीतही होती. रस्त्याकडेचं आळं हे त्या शहाणपणाचंच पुढचं रूप आहे. टूसॉनमध्ये शेंगांच्या हंगामात सार्वजनिक ठिकाणी चक्क्या लावल्या जातात, लोक पिशव्या भरभरून शेंगा आणतात आणि पीठ घेऊन घरी जातात. शेंगा पावसाआधी आणि झाडावरूनच तोडाव्यात, असं तिथे बजावून सांगतात, कारण ओल लागली की त्यांच्यावर विषारी बुरशी येते. २०१५ मध्ये टूसॉनला युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. अमेरिकेतलं ते पहिलं शहर.

कायदा मागून आला. आधी केलेलं काम दाखवून लँकेस्टर आणि त्यांचे शेजारी महापालिकेशी बोलत राहिले आणि २००७ मध्ये परवानगी घेऊन कड कापणं वैध झालं. २००८ मध्ये शहराने नियम केला की नव्या व्यापारी इमारतींनी बागेला लागणारं निम्मं पाणी पावसातून मिळवावं. तो २०१० मध्ये लागू झाला. २०१२ पासून घरमालकांना पाऊसपाण्याच्या कामासाठी दोन हजार डॉलरपर्यंत परतावा मिळू लागला. २०१३ मध्ये रस्त्यांच्या नव्या कामांसाठी धोरण आलं की पहिला अर्धा इंच पाऊस रस्त्यालगतच्या मातीतच मुरावा. २०२० मध्ये पाण्याच्या बिलात या कामासाठी छोटासा आकार जोडला गेला. सामान्य घराला तो महिन्याला डॉलरभर पडतो आणि त्यातून वर्षाला सुमारे तीस लाख डॉलर उभे राहतात. बेकायदा फटीपासून स्वतंत्र निधीपर्यंतचा हा प्रवास पाहिला की एक गोष्ट पटते. अधिकाऱ्यांना अहवालापेक्षा पावसात भरलेलं एक आळं दाखवणं जास्त उपयोगी पडलं.

लॉस एंजेलिसमध्ये याच पट्टीवरून वेगळाच वाद झाला. तिथे प्रश्न अन्नाचा होता. रॉन फिन्ली हे फॅशन डिझायनर. शहराच्या दक्षिण भागात त्यांच्या घरासमोर दीडशे फूट लांब आणि दहा फूट रुंद पट्टी होती. त्या भागात झटपट खाण्याची दुकानं पावलापावलावर आणि ताजी भाजी घ्यायला मोटारीने दूर जावं लागायचं. २०१० मध्ये फिन्ली यांनी पट्टीत भाज्या आणि फळझाडं लावली. शहराने नोटीस काढली, पुढे प्रकरण अटकेच्या वॉरंटपर्यंत गेलं. लोकांनी सह्यांची मोहीम चालवली, वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि त्यांच्या भागाच्या नगरसेवकाने बाजू घेतली. २०१३ मध्ये टेडच्या व्यासपीठावर फिन्ली यांनी ही कथा सांगितली तेव्हा ती जगभर पोचली. रात्री उशिरा एक आई आणि मुलगी त्यांच्या पट्टीतली भाजी घेताना त्यांना दिसली. त्यांना पाहून त्या दोघी संकोचल्या. फिन्ली यांचं म्हणणं असं की, रस्त्यावर लावली ती याचसाठी. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसने घरासमोरच्या पट्टीत परवान्याशिवाय भाजीपाला लावायला मोकळीक दिली.

फिन्ली यांच्या हेतूबद्दल आदर बाळगूनही एक सावधगिरी सांगायलाच हवी. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं, भारतात २००० मध्ये. पण तोवर गाड्यांच्या धुरातून पडलेलं शिसं जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत अजून आहे. पालेभाज्या आणि कंदमुळांमधून ते पोटात जाण्याचा धोका जास्त, फळांमधून कमी. म्हणून अशा जागी खाण्याचं काही लावण्याआधी माती तपासून घ्यावी, आणि रस्त्याचं पाणी ज्या आळ्यात येतं तिथे मेथी-पालक-मुळा लावूच नये. फळझाडं चालतील.

सिएटलमध्ये पाऊस भरपूर, तरी तिथेही रस्त्याकडेच्या मातीची गरज पडली, ती माशांसाठी. २००१ मध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या एका तुकड्यावर शहराने रस्ताच पंचवीस फुटांवरून चौदा फुटांवर आणला, त्याला वळणं दिली आणि मोकळ्या झालेल्या कडांवर उथळ चर काढून शंभरावर सदाहरित झाडं आणि अकराशे झुडपं लावली. वॉशिंग्टन विद्यापीठाने मोजमाप केलं तेव्हा त्या गल्लीतून बाहेर पडणारं पावसाचं पाणी जवळजवळ ९९ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. तिथल्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला समुद्रातून येणारे कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांत तडफडून मरायचे आणि कारण कळत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते उघड केलं. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात जे रसायन घालतात, त्याची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारं विष रस्त्यावरून धुऊन ओढ्यात जात होतं. त्याआधी २०१५ मध्येच एका प्रयोगात दिसलं होतं की हेच गढूळ पाणी वाळू, माती आणि खताच्या थरांतून गाळून सोडलं तर मासे जगतात. इतकी साधी गाळणी रस्त्याच्या कडेला सहज करता येते, ही गोष्ट शहरांनी मनावर घ्यायला हवी.

दाटीवाटीच्या शहरात हे जमतं का, याचं उत्तर पोर्टलंडने २००५ मध्ये दिलं. तिथल्या विद्यापीठाजवळच्या बाराव्या रस्त्यावर, जिथे कडेला मोटारी उभ्या राहतात आणि फुटपाथवर दिवसभर वर्दळ असते, तिथे चार आयताकृती आळी केली. रस्त्याचं पाणी पहिल्यात येतं, ते भरलं की पुन्हा रस्त्यावर येऊन दुसऱ्यात जातं. सुमारे साडेसातशे चौरस मीटर रस्त्याचं वर्षाचं जवळजवळ सगळं पाणी, साधारण सहा लाख ऐंशी हजार लिटर, तेवढ्याशा जागेत मुरतं. पार्किंगची जागा गेली नाही, चालण्याची वाटही गेली नाही.

मुंबई, पुणे, नाशिक, संभाजीनगर इथल्या वाचकाला साहजिकच आपला फुटपाथ आठवेल. आपल्याकडे बहुतेक रस्त्यांना अशी सलग पट्टी नाहीच. आहेत ती सुटी झाडं, आणि त्यांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भिडलेलं. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीबाबत आदेश दिला की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढावं. आपल्या शहरांत त्याहूनही अडचणीची एक पद्धत रूढ आहे. सुशोभीकरण म्हणून झाडाभोवती उंच कट्टा बांधतात, टाइल लावतात, आत माती भरतात. बसायला जागा होते हे खरं. पण झाडाच्या मुळाशी रस्त्याचं तर सोडाच, फुटपाथचं पाणीसुद्धा पोचत नाही. जून ते सप्टेंबर समोरून लोंढे जातात आणि मार्चमध्ये त्याच झाडाला टँकरने पाणी घालावं लागतं.

टूसॉनची नक्कल इथे चालणार नाही. पुण्यात तिथल्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि मुंबईत त्याच्या कितीतरी पट. २६ जुलै २००५ ला मुंबईतल्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. तसल्या पावसात कोणतंही आळं टिकणार नाही आणि पूर थांबवण्याचं आश्वासन त्याच्या नावाने कोणी देऊ नये. आळं पहिल्या सरींचं काम करतं. सर्वांत घाण पाणी तेच असतं आणि रोजच्या साध्या पावसात तेच महत्त्वाचं असतं. जमिनीचाही फरक आहे. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत पाणी झपाट्याने मुरतं, काळ्या मातीत ते रेंगाळतं. तिथे आळं उथळ ठेवून जास्तीच्या पाण्याला वाट करून द्यावीच लागेल. जिथे पावसाळी गटारात मैलापाणी मिसळतं तिथे आधी ते निस्तरल्याशिवाय कड कापू नये. झाडंही इथलीच हवीत: करंज, बहावा, कांचन, पळस. आणि लावायची तर त्यांना वाढायला जागा सोडून.

जागेचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी. आपल्याकडे सुशोभीकरणाच्या नावाखाली कुंड्या आणि लोखंडी कुंपणं घालून हीच वाट खाल्ली जाते, कधी फेरीवाल्याला उठवायलाही बागेचं निमित्त केलं जातं. चालणाऱ्याची किंवा पोट भरणाऱ्याची जागा घेऊन केलेली बाग नको. जागा घ्यायची तर रुंद डांबराकडून घ्यावी, सिएटलने घेतली तशी. रस्ता नव्याने काँक्रीटचा होत असतो तेव्हा ती घेणं सर्वांत सोपं आणि स्वस्त असतं. कारण उतार आणि कड तेव्हाच ठरतात. नंतर करवत आणावी लागते.

महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार महापालिकांमध्ये वृक्ष प्राधिकरण आहे. झाडाभोवतीचं काँक्रीट काढून घेण्यासाठी उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करता येतो. सोसायटीने, दुकानदारांनी, शाळेने मिळून केला तर त्याला वजन येतं. त्याआधी एक काम प्रत्येकाने करावं. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन दारासमोर उभं राहावं, रस्त्याचं पाणी कुठून येतं, कुठे वळतं आणि शेवटी कुठे जातं ते पाहावं, त्याचे फोटो काढावेत आणि ते त्या अर्जाला जोडावेत.